कूलर कुणाचा, दुरुस्ती कुणाची? किरायाच्या घराचा एक जुना वाद

आजचा विषय घरगुती वाटेल. पण आम्हाला असं वाटतं की ज्या प्रश्नावरून घरोघरी भांडणं होतात, त्यालाही इतिहास असतो आणि तो माहीत असला की भांडण थोडं शहाणपणानं करता येतं.

प्रश्न साधा आहे. हिंगोलीत एप्रिल-मेमध्ये ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. किरायाच्या खोलीत मालकानं दिलेला कूलर आहे आणि ऐन उन्हाळ्यात त्याची मोटार जळते. किरायादार म्हणतो, वस्तू तुमची, दुरुस्ती तुमची. मालक म्हणतात, चालवली तुम्ही, जाळली तुम्ही. शेवटी खोली सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात आणि कडू तोंडानं निरोप होतो. यात चूक कुणाची, हे आज आपण ठरवणार नाही. हा खर्च कुणाचा, याचं उत्तर वेळोवेळी कसं बदलत गेलं, ते बघू.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. नर्सी नामदेव आपल्या हिंगोली तालुक्यातलं. नामदेव महाराजांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यातल्या एका पदात शेजारीण विचारते, नामदेवा, तुझं छप्पर कुणाकडून शाकारून घेतलंस? त्या सुताराचं नाव सांग, मी दुप्पट मजुरी देईन. नामदेव सांगतात की माझा सुतार मजुरी म्हणून प्रेम मागतो. अर्थ अध्यात्माचा आहे, पण शेजारणीचा प्रश्न अगदी संसारातला आहे. घर म्हटलं की डागडुजी आली, कारागीर आला, मजुरी आली. घर स्वतःचं असेल तर प्रश्न तिथंच संपतो. घर दुसऱ्याचं असेल तर मजुरी कुणी द्यायची, हा आपला विषय.

जुन्या घरात उपकरणं नव्हती. दुरुस्ती म्हणजे छप्पर, भिंत, दार. आपल्याकडं माळवदाची घरं. पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकावी लागे, नाहीतर आषाढात पाणी घरात. असली कामं कोण करणार, ते रूढीनं ठरायचं. इंग्रजांनी 1882 साली मालमत्ता हस्तांतरण कायदा केला, तेव्हा त्यांनीही रूढीला जागा ठेवली. त्याच्या कलम 108 मध्ये मालक-भाडेकरूंची कर्तव्यं दिली आहेत, पण सुरुवातीलाच म्हटलंय की वेगळा करार किंवा स्थानिक रिवाज नसेल तरच हे लागू.

हे कलम नीट वाचलं तर एक गोष्ट लक्षात येते. मालकानं घर दुरुस्त ठेवलंच पाहिजे, असं ते सरसकट म्हणत नाही. जी दुरुस्ती करायला मालक बांधलेला आहे, ती त्यानं सूचना देऊनही केली नाही, तर भाडेकरूनं करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, एवढंच म्हणतं. आणि भाडेकरूनं काय करायचं? घर जसं मिळालं तसं परत द्यायचं, वापरानं होणारी नेहमीची झीज सोडून. ‘नेहमीची झीज’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढं लागतील.

आता मुंबईकडं वळू, कारण पुढचा बदल तिथं झाला. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि 1918 साली भाडेनियंत्रण आलं. दुसऱ्या युद्धानंतर 1947 चा मुंबईचा प्रसिद्ध भाडे कायदा आला. भाडं तर गोठवलंच, शिवाय वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य ठरवलं. म्हणजे 1882 ला मालक जे कबूल करील तेवढंच त्याच्यावर होतं; 1947 ला तो काही बोलला नाही तरी त्याच्यावर आलं. पारडं उलटं फिरलं.

पण गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडेना. चाळी मोडकळीला आल्या. शेवटी 1969 साली सरकारनं दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि इमारतींवर उपकर बसवला. 1997 च्या डिसेंबरमध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वर्षानुवर्षं गोठलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यातून आपला आजचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला.

या काळात हिंगोली कुठं होती? आपण निजामाच्या राज्यात. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. 1948 ला आपण मुक्त झालो आणि हैदराबाद राज्यात राहिलो. तिथं 1954 साली घरभाड्याचा वेगळा कायदा झाला. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला, तरी भाड्याचा कायदा हैदराबादचाच राहिला. विदर्भाला तिसराच. एका राज्यात तीन कायदे! ते एक झाले 31 मार्च 2000 रोजी, नवा अधिनियम अमलात आला तेव्हा. आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला 1 मे 1999 ला. म्हणजे जिल्हा आणि नवा कायदा यांच्यात बरोबर अकरा महिन्यांचं अंतर. हा निव्वळ योगायोग, पण अकरा हा आकडा आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

जिल्हा झाला, कार्यालयं आली, बदलीची माणसं आली. खोल्यांना मागणी आली, आणि त्याच वर्षांत घराघरात उपकरणंही वाढली. बोअरची मोटार, गिझर, कूलर. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं छप्पर आणि भिंत होती. उपकरणाचं काय?

1999 च्या अधिनियमात याचं उत्तर एका व्याख्येत दडलंय. ‘जागा’ म्हणजे फक्त चार भिंती नाहीत. घराचा उपभोग चांगला घेता यावा म्हणून घराला जोडलेल्या वस्तूही ‘जागे’त येतात. आणि कलम 14 म्हणतं, जागा दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. म्हणून छताचा पंखा, भिंतीतला गिझर, बोअरची मोटार यांची बाजू भक्कम आहे. सुटा कूलर मात्र वादाचा. तो घराला जोडलेला नाही.

मालक ऐकत नसतील तर? किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. महिना चार हजार किराया असेल तर वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे बारा हजारांपर्यंत.

इथं टाळ्या वाजवू नका, अडचण पुढं आहे. कलम 14 ‘भाडेकरू’ला आहे, आणि तेही वेगळा करार नसेल तर. आज नवा माणूस खोली घेतो तेव्हा बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, अकरा महिन्यांचा कागद होतो. त्या कागदानं तो भाडेकरू होत नाही, परवानाधारक होतो. मग त्याचा आधार एकच, कागदात काय लिहिलंय ते. आणि छापील नमुन्यात बहुतेक वेळा ‘किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाकडे’ असं एक ओळीत उरकलेलं असतं. मोटारचं रिवायंडिंग किरकोळ की मोठं? तिथंच भांडण.

अकरा महिनेच का? 1908 च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची. ती टाळायला अकराची सवय लागली. पण महाराष्ट्रात 2000 पासून ही पळवाट बंद आहे. कलम 55 प्रमाणं भाड्याचा किंवा लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल किरायादार जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. नुसत्या बॉण्डवर सह्या घेऊन ‘झालं काम’ म्हणणाऱ्या मालकांनी हे जरूर ऐकावं.

आता शेवटचं वळण. 2 जून 2021 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं आदर्श भाडे कायद्याला मंजुरी दिली. हा नमुना आहे, राज्यानं आपला कायदा केला तरच लागू. पण त्यात सरळ यादी आली. रंगरंगोटी, नळाचे पाइप, वायरिंग मालकाकडं. नळाचे वॉशर, स्विच, गिझरची दुरुस्ती, विजेची उपकरणं भाडेकरूकडं. म्हणजे पारडं पुन्हा फिरलं. 1999 च्या व्याख्येत गिझर मालकाच्या बाजूला झुकतो, 2021 च्या यादीत किरायादाराच्या. त्याच नमुन्यात घरासाठी डिपॉझिटची मर्यादा मात्र दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे.

मग करायचं काय? दीडशे वर्षांचा हा प्रवास एवढंच सांगतो की आधी रिवाज बोलायचा, मग कायदा बोलू लागला, आज कागद बोलतो. म्हणून खोली घेतानाच अर्धा तास काढा. कूलर, पंखा, मोटार, गिझर, प्रत्येकाची अवस्था लिहा, फोटो काढा. जुनेपणानं बंद पडलं तर मालकाचं, हलगर्जीनं बिघडलं तर राहणाऱ्याचं, हे नाव घेऊन लिहा. नेहमीची झीज 1882 सालीही भाडेकरूच्या माथी नव्हती. कूलरचं गवत कुणी बदलायचं, तेसुद्धा लिहा. लाजू नका.

नामदेवांच्या सुतारानं प्रेमावर काम केलं. आपला वायरमन पैसे मागणार, आणि मागावेतच. ते कोण देणार, हे चैत्रात ठरलेलं असलं म्हणजे वैशाखात घामाघूम होऊन एकमेकांच्या दारात उभं राहावं लागत नाही.