तीन तासांत पाच लिटर

२३ वर्षे आधी. जून १९७१, बनगाव, पश्चिम बंगाल.

पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून येत आहेत. डॉ. दिलीप महालनबीस कलकत्त्याहून बनगावच्या रुग्णालयात पोहोचतात. कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी दोन खोल्या आणि १६ खाटा आहेत. उरलेले रुग्ण जमिनीवर. शिरेतून सलाइन लावायचे तर जुलाब-उलट्यांनी भरलेल्या फरशीवर गुडघे टेकावे लागतात. सलाइन लावू शकतील अशी माणसे पथकात दोनच आहेत आणि साठाही संपत आला आहे.

डॉक्टर निर्णय घेतात. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. हे पाणी तोटी असलेल्या पिंपात भरले जाते. नातेवाईक मग भरून नेतात आणि आपल्या माणसाला पाजतात. आठ आठवड्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार होतात. आधी शंभरातले तीसेक दगावत होते. आता चारपेक्षाही कमी.

महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवर पुढे जी जलसंजीवनीची पुडी पोहोचली, तिची सर्वांत कठीण परीक्षा या दोन खोल्यांत झाली होती. १९७८पासून जागतिक आरोग्य संघटनेने हा उपचार जगभर नेला.

८ वर्षे आधी. १९८६, जिनिव्हा.

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी एक अभ्यासक्रम सुरू करते. विषय: मोठ्या लोकसंख्येवरील संकटात आरोग्यसेवा. पाणी किती लागते, शौचालये कुठे असावीत, मृत्युदर कसा मोजावा, साथ कशी ओळखावी. अभ्यासक्रम चांगला आहे. तो केल्याशिवाय आपत्तीच्या ठिकाणी जाता येणार नाही, अशी अट मात्र कुठेही नाही.

१०५ दिवस आधी. ६ एप्रिल १९९४, रात्री साडेआठच्या आत. किगाली.

रवांडाचे अध्यक्ष हब्यारिमाना यांचे विमान उतरता उतरता पाडले जाते. काही तासांत कत्तल सुरू होते. पुढच्या सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली जातात, त्यांत बहुसंख्य तुत्सी.

८३ दिवस आधी. २८ एप्रिल. रुसुमो.

टांझानियाच्या सीमेवरील हा पूल ओलांडून २४ तासांत सुमारे अडीच लाख लोक पलीकडे जातात. रवांडातून माणसे आठवड्यांच्या नव्हे, तासांच्या हिशेबाने हलतात, हे या एका दिवसात सगळ्या जगाला दिसते.

१६ दिवस आधी. ४ जुलै.

सरकारशी लढणारी बंडखोर संघटना, रवांडन पॅट्रियॉटिक फ्रंट, किगाली ताब्यात घेते. जुने सरकार, त्याचे सैन्य आणि त्यांच्याबरोबर निघालेली लाखो माणसे वायव्येकडे सरकतात. त्या दिशेचे शेवटचे शहर गिसेन्यी. गिसेन्यीच्या पुढे सीमा, आणि सीमेपलीकडे झाईरमधले (आजचे काँगो) गोमा. पुढचा लोंढा कुठे येणार, ते नकाशावर वाचता येते.

आणखी एक गोष्टही वाचता येते. पूर्व झाईरच्या सरोवरांच्या पट्ट्यात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून कॉलरा आहे.

६ दिवस आधी. १४ जुलै. गोमा.

सीमेवरून तासाला दहा हजारांहून जास्त माणसे आत येऊ लागतात. डोक्यावर गाठोडी, पाठीशी बांधलेली मुले. या गर्दीत हत्याकांडात हात असलेले आहेत. त्यांच्या मागून फरफटत आलेल्या बायका-मुलांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे.

गोमा किवू सरोवराच्या काठी आहे. वर न्यिरागोंगो ज्वालामुखी, पायाखाली त्याचा काळा, कडक लाव्हा. या दगडात हाताने खड्डा खणता येत नाही. ना शौचालयाचा, ना थडग्याचा.

३ दिवस आधी. १७ जुलै.

चार दिवसांत पाच ते आठ लाख माणसे आली आहेत. नेमका आकडा कोणाकडेच नाही. आकडा नाही म्हणून पाण्याचा हिशेब नाही, आणि पाण्याचा हिशेब नाही म्हणून टँकरचाही नाही.

या पहिल्या आठवड्यात निर्जंतुक पाणी माणशी दिवसाला सरासरी ०.२ लिटर मिळते. म्हणजे एक पेला. निर्वासितांच्या छावणीत माणशी दिवसाला किमान १५ ते २० लिटर लागते. ही तूट सरोवर भरून काढते. त्याच काठावर लोक आंघोळ करतात, भांडी धुतात, शौचाला बसतात आणि तिथलेच पाणी पितात.

२ दिवस आधी. १८ जुलै.

गिसेन्यीही पडले आहे. युद्धविराम जाहीर होतो. लढाईच्या बातमीला इथे पूर्णविराम मिळतो. लोकांना शहरातून उत्तरेकडच्या छावण्यांकडे हलवले जात आहे. किबुंबा ही त्यांतली एक मोठी छावणी. तिथे पाण्याचा एकही स्रोत नाही.

० दिवस. २० जुलै.

कॉलऱ्याच्या पहिल्या रुग्णाचे निदान होते.

इथून पुढे रुग्णाचे घड्याळ दिवसांचे राहत नाही.

पहिला तास.

तीव्र कॉलरा झालेल्या प्रौढाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. पायात गोळे. डोळे खोल. मनगटावर नाडी लागत नाही.

उपचाराचे प्रमाण ठरलेले आहे. ५० किलो वजनाच्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात रिंगर लॅक्टेट हे शिरेतून द्यायचे द्रव दीड लिटर. पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर. एकूण तीन तासांत पाच लिटर. एका शिरेतून पुरत नसेल तर दोन्ही हातांना सलाइन. वर्षाखालच्या बाळाला वजनाच्या मानाने तेवढेच, पण सहा तासांत. माणूस गिळू लागला की लगेच जलसंजीवनी. खाटेला मधोमध भोक आणि खाली बादली, म्हणजे किती गेले ते मोजून तेवढे परत देता येते.

तिसरा तास.

साध्या वॉर्डात शिकलेला हात सलाइन थेंबाथेंबाने सोडतो. अर्ध्या लिटरची बाटली चार तास चालते. तिथे ते बरोबरच असते. त्याच वेगाने तीन तासांनी या रुग्णाच्या शरीरात ४००पेक्षा कमी मिलिलिटर गेलेले असते. हवे होते ५,०००. सलाइन लावलेले आहे, बाटलीत पाणी आहे, कागदावर उपचार चालू आहे. नाडी परत आलेली नाही.

तीव्र कॉलऱ्यात उपचार न झालेल्यांपैकी निम्मे मरू शकतात, काही तर लक्षणे दिसल्यापासून थोड्याच तासांत. योग्य उपचार मिळाले तर शंभरात एकही नाही.

दुसरा दिवस. २२ जुलै.

उपचार केंद्रांत पोहोचलेल्यांपैकीही मरणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांपर्यंत गेले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन याच दिवशी लष्करी मदतमोहीम जाहीर करतात. विमाने येऊ लागतात. संस्था येतात, एकामागून एक, शंभराहून अधिक. बहुतेकांना मनापासून मदत करायची आहे. आलेल्या अनेक डॉक्टर-परिचारिकांनी तीव्र कॉलऱ्याचा रुग्ण याआधी हाताळलेला नाही.

सहावा दिवस. २६ जुलैच्या सुमारास.

साथ शिगेला पोहोचते. या पहिल्या महिन्यात दर दहा हजारांमागे दिवसाला सरासरी २० ते ३५ मृत्यू होतात. दिवसाला एक मृत्यू ओलांडला की आणीबाणी मानायची, असा या क्षेत्राचा नियम आहे. बहुतेक माणसे कोणत्याही तंबूपर्यंत न पोहोचता रस्त्याकडेला मरतात. प्रेते चटयांत गुंडाळून कडेला ठेवली जातात. ती ट्रकमधून गोळा होतात आणि मोजणीही तिथेच होते.

छावणीत फिरून, आजारी माणूस हेरून, त्याच्या बायकोच्या हातात जलसंजीवनीचा मग देणारे कार्यकर्ते या दिवसांत फार थोडे आहेत. बनगावात हे काम नातेवाइकांनी केले होते.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा.

पाणी येऊ लागते. कॉलरा ओसरतो. त्याच्या मागोमाग शिगेला जंतूची रक्ती आव पसरते. कॉलऱ्याचा जंतू टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिनला दाद देत नसल्याचे प्रयोगशाळेत दिसते. युनिसेफच्या विनंतीवरून ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचे पथक गोमाला येते. ही माणसे वर्षभर कॉलराच हाताळतात.

१४ ऑगस्ट.

एक महिना पूर्ण. सुमारे ५०,००० माणसे मेलेली आहेत. बहुतेक मृत्यू जुलाबाच्या आजारांनी. दुसऱ्या महिन्यात मृत्युदर दहा हजारांमागे पाच ते आठवर येतो. पाणी, छावण्यांतून रोज गोळा होणारी माहिती आणि आतापर्यंत सरावलेले हात, यांनी तो खाली आणला आहे.

फेब्रुवारी १९९५.

ढाक्याच्या डॉक्टरांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून येतो. उपचार केंद्रे असूनही माणसे का मेली, हा त्याचा विषय. कारणे साधी आहेत: पाणी फार सावकाश भरले गेले, तोंडावाटे द्यायचे द्रावण पुरेसे वापरले नाही, शिरेतून चुकीचे द्रव दिले गेले, आणि तीव्र कॉलरा हाताळण्याचा अनुभव कर्मचाऱ्यांना नव्हता. चारही कारणांवरचा उपाय २३ वर्षांपूर्वी हाती आलेला होता.

१९९६ आणि पुढे.

या मदतकार्याच्या अनेक देशांनी मिळून केलेल्या मूल्यमापनात स्पष्ट लिहिले जाते की काही संस्थांचे काम बेजबाबदार होते आणि त्यामुळे टळू शकणारे मृत्यूही झाले असतील. १९९७मध्ये स्फिअर प्रकल्प सुरू होतो आणि मदतकार्याची किमान मानके लिहिली जातात. २०१० साली हैतीच्या भूकंपानंतर तीच तक्रार पुन्हा येते. २०१३मध्ये जागतिक आरोग्य संघटना परदेशी वैद्यकीय पथकांची वर्गवारी ठरवते: कोणाला काय करता येते, ते निघण्याआधी सांगा.

आपल्याकडेही पूर आला, भूकंप झाला की डॉक्टरांची पथके दुसऱ्या दिवशी गाडीत बसतात. ही धाव मोलाची आहे आणि ती टिकली पाहिजे. म्हणूनच पथक पाठवणाऱ्याने गाडी सुटण्याआधी चार प्रश्न विचारावेत. नाडी न लागणाऱ्या रुग्णाला पहिल्या अर्ध्या तासात किती पाणी द्यायचे? दहा हजारांच्या वस्तीला रोज किती लिटर पाणी लागेल? मृत्यू कोण मोजणार? जलसंजीवनी पाजायला वस्तीतल्या किती बायका-पुरुषांना एका सकाळी शिकवता येईल? यांची उत्तरे शांत दिवसांत, वर्गात आणि सरावात शिकवता येतात. ज्यांना ती येत नाहीत त्यांना आधी शिकवावे, मग पाठवावे. गोमामध्ये शिकायला वेळ होता तो २० जुलैच्या आधी. त्यानंतर प्रत्येक रुग्णामागे फक्त तीन तास होते.