न्याय्य व्यवहाराचे शालेय शिक्षण : बारामती-इंदापूर परिसर

माल पिकविणारा, विकणारा व विकत घेणारा यांच्यातील भाव, वजन, हिशेब व करार उघड आणि बिनचूक असावेत, ही जाणीव शालेय वयातच रुजविणारे शिक्षण. पाश्चात्त्य देशांत न्याय्य व्यापाराची चळवळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली. नेदर्लंड्समध्ये १९८८ साली कॉफीवर ‘माक्स हाव्हेलार’ हे प्रमाणचिन्ह आले. महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न त्यापूर्वी शंभरावर वर्षे शेतकऱ्याच्या कर्जखतातून उभा राहिला होता. पुणे जिल्ह्याचा बारामती-इंदापूर हा अवर्षणप्रवण पट्टा त्याचे एक प्रमुख क्षेत्र होय.

बारामती हे जुने सावकारी पेठेचे गाव. कवी मोरोपंतांचे आश्रयदाते बाबूजी नाईक हे पेशवाईतील मोठे सावकार होते. इंग्रजी अंमलात इंदापूर तालुक्यात प्रिंगलने केलेली सारा-आकारणी फसली व १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तेथेच नवी पद्धत घालून दिली. सारा रोखीने व ठरल्या वेळी द्यावा लागे. पाऊस मात्र ठरल्या वेळी येत नसे. त्यामुळे सारा, बी-बियाणे व पोट या तिन्हींसाठी कुणब्यास सावकाराचे दार गाठावे लागे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला तेजी आल्याने कर्ज सहज मिळाले. ती ओसरताच वसुली सुरू झाली आणि त्याच सुमारास मुदत संपलेल्या तालुक्यांचा सारा वाढविण्यात आला.

कर्जखताची मुदत १८५९ च्या कायद्याने तीन वर्षांची केली होती. ऋणकोच्या सोयीसाठी केलेली ही तरतूद त्याच्यावरच उलटली. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाई. खत मोडीत असे. कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी. वर कोणती रक्कम आहे हे त्याला बहुधा ऐकूनच कळे. भरलेल्या रकमेची पावती मिळेलच असे नसे.

त्या वेळी भीमथडी तालुक्यात असलेल्या सुपे (आताचा बारामती तालुका) या बाजारगावी १२ मे १८७५ रोजी दंगा झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. सुप्यात दुकानेही लुटली गेली. पण एकूण उठावाचा रोख माणसांपेक्षा खतांवर व वह्यांवर होता. चौकशी आयोगानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायालयास खतामागील व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार दिला, खते ग्रामनिबंधकासमोर करणे आवश्यक ठरविले आणि ऋणकोला पावती, वार्षिक हिशेब व खातेपुस्तिका मागण्याचा हक्क दिला. हक्क मोलाचा होता, पण खातेपुस्तिका वाचणार कोण, हा प्रश्न कायद्याच्या आवाक्याबाहेरचा होता.

तो प्रश्न जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी शाळेपुढे आणला. हंटर आयोगास १८८२ साली दिलेल्या निवेदनात त्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळेसाठी मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान व नीतिपाठ सुचविले आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, असे मांडले. यादीत मोडी व हिशेब अग्रभागी आहेत, हे सहज घडलेले नसावे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे पाढे पंतोजींच्या शाळेतही घोकले जात. परंतु ते बहुतांशी हिशेब ठेवणाऱ्यांच्या मुलांपुरते राहिले. हिशेब ज्याच्याविरुद्ध मांडला जाई, त्याचा मुलगा त्या वेळी गुरांमागे असे.

नीरा डाव्या कालव्याने पुढे ऊस आणला आणि बारामती गुळाची पेठ झाली. सावकाराची जागा पुष्कळशी अडत्याने घेतली. अनेक पेठांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत व माल आणणारा शेजारी उभा राहूनही अनभिज्ञ राही. मुंबई राज्याच्या १९३९ च्या आणि महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यांनी नियंत्रित बाजारांत उघड लिलाव व तपासलेली मापे आणली. दशमान नाणी (१९५७) आणि त्यामागोमाग मेट्रिक वजने आल्यावर शेर-पायलीचे गणित शाळेने एका पिढीत बदलून दिले. बाजारात ते बदलायला त्याहून वेळ लागला.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. हा विषय पाठ्यपुस्तकांतही आला. मात्र या पाठांतील विद्यार्थी बहुधा दुकानात वस्तू घेणारा असतो. वेष्टनावरची किंमत, मुदत व पावती पाहण्यास तो शिकतो. बारामती-इंदापुरातील कित्येक विद्यार्थी विकणाऱ्याच्या घरचे आहेत. उसाचा दर साखरेच्या उताऱ्याशी जोडलेला असतो, वजनकाट्याच्या पावतीवर भरलेल्या व रिकाम्या वाहनाचे वजन वेगवेगळे असते, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे चौदा दिवसांत देणे बंधनकारक आहे, या गोष्टी त्यांना आजही शाळेपेक्षा घरच्या बोलण्यातूनच अधिक कळतात.