किल्लेदाराच्या परवानगीची रंगभूमी

युद्धकैद्यांनी आपल्या छावणीत नाटके करावीत ही गोष्ट दोन महायुद्धांच्या आठवणी वाचणाऱ्यांस इतकी परिचित झाली आहे की, तिचा उगम त्या युद्धांतच असावा असे सहज वाटते. परंतु तिच्या कुळाचा शोध घेत मागे जाऊ लागले म्हणजे आपण निदान नेपोलियनच्या काळापर्यंत, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्चेस्टरच्या किल्ल्यापर्यंत, जाऊन पोहोचतो.

१८०८ च्या जुलैत स्पेनमधील बायलेन येथे सेनापती द्युपाँ याची फ्रेंच फौज शरण आली. तिला जहाजांतून मायदेशी पोहोचविण्याचा जो कौल मिळाला होता तो पाळला गेला नाही, आणि त्या फौजेतील हजारो शिपाई कादिझच्या बंदरात तुरुंग बनविलेल्या जुन्या जहाजांवर खितपत पडल्यानंतर, १८०९ मध्ये मायोर्काच्या दक्षिणेस असलेल्या काब्रेरा या उजाड बेटावर नेऊन सोडण्यात आले. शिध्याचे गलबत वेळेवर आले नाही की तेथे माणसे भुकेने मरत. अशा त्या ठिकाणी, पाण्याच्या एका जुन्या टाक्यात, या लोकांनी नाटक मांडले. याला मनोरंजन म्हणणे मला फार अपुरे वाटते; ज्याचे नाव, हुद्दा आणि मुलूख हिरावून घेतला गेला आहे, त्याने निदान दोन घटका आपल्या पसंतीचे नाव धारण करावे, ही त्यामागची खरी भूक असली पाहिजे.

यांपैकी काही जण १८१० मध्ये पोर्चेस्टरला आणले गेले. तेथील किल्लेदाराने लाकूडसामान दिले, आणि किल्ल्याच्या प्रचंड बुरुजाच्या तळमजल्यावर सुमारे ३०० प्रेक्षकांचे नाट्यगृह उभे राहिले. कैद्यांत कारे नावाचा, पॅरिसच्या रंगभूमीवर यंत्रकाम केलेला कसबी माणूस होता, हे त्या नाट्यगृहाचे मोठे भाग्य. कारण त्या काळी पॅरिस गाजवीत असलेला मेलोड्रामा हा प्रकार पडदे, यंत्रे आणि वाद्यवृंद यांच्याविना उभाच राहू शकत नाही. आपल्या संगीत नाटकात पात्र स्वतः गाते. मेलोड्रामात पात्र बोलते वा नुसते वावरते, आणि त्याच्या मनातील खळबळ वाद्ये सांगतात. ‘रोझेलिस्का’ नावाचा असा एक मेलोड्रामा कैद्यांनी त्या किल्ल्यातच रचला, आणि त्याचे हस्तलिखित आजही उपलब्ध आहे. स्त्रियांच्या भूमिका अर्थातच तरुण शिपाई करीत. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला त्याचे नवल वाटावयाचे कारण नाही.

या खेळांची कीर्ती एवढी पसरली की आसपासचे इंग्रज नागरिक तिकडे जाऊ लागले, आणि तेव्हा पोर्ट्समथच्या नाट्यव्यावसायिकांनी आपली प्राप्ती बुडते म्हणून सरकारदरबारी तक्रार गुदरली. बाहेरच्या प्रेक्षकांस मनाई झाली. शत्रूच्या कैदेतील नटांशी एका शहराची रंगभूमी स्पर्धा करू शकत नाही, याहून मोठा गौरव त्या नटांना कोणत्या प्रशस्तिपत्राने मिळाला असता?

मात्र ही सारी रंगभूमी किल्लेदाराच्या मर्जीवर उभी होती. ती मर्जी जाऊन तिच्या जागी कायदा यावयास १९२९ साल उजाडावे लागले: त्या वर्षीच्या जिनिव्हा कराराच्या १७ व्या कलमाने कैद्यांनी योजिलेल्या बौद्धिक करमणुकींस व खेळांस शक्य तितके उत्तेजन देण्याचे कर्तव्य युद्धमान राष्ट्रांवर टाकले. जर्मनीतील श्टालाग लुफ्ट ३ या छावणीत ब्रिटिश वैमानिकांनी रेडक्रॉसच्या खोक्यांच्या खुर्च्या करून जे नाट्यगृह बांधले, ते या कायद्याच्या आश्रयाने. त्याच्याच जमिनीखाली पुढे त्यांनी एक भुयारही खणावयास घेतले.

जपानने मात्र त्या करारावर सही केली होती, तो कायम केला नव्हता. म्हणून सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवरील चुंगकाईच्या छावणीत, जेथे पटकी आणि उपासमार यांनी खंगलेल्या कैद्यांची रुग्णालये भरली होती, तेथे बांबू व ताडपत्रांचा रंगमंच उभारताना कैद्यांना पुन्हा पोर्चेस्टरच्याच वाटेने जावे लागले. मच्छरदाण्यांतून पोशाख निघाले, चालता न येणारे रोगी स्ट्रेचरवरून खेळाला आणले गेले. आणि ज्यांच्या परवानगीवाचून पडदा उघडत नसे ते जपानी अधिकारी पहिल्या रांगेत येऊन बसत.