डोळ्यातील मांस आणि सुश्रुताचा गळ

उन्हातान्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यात नाकाकडून बुबुळाकडे सरकणारे मांस तुम्ही पाहिले असेल. त्यालाच वडस म्हणतात. सुश्रुतसंहिता त्याला अर्म म्हणते व त्याचे पाच प्रकार सांगते. उपाय मोठा बारकाईचा आहे. रोग्याला आधी स्निग्ध जेवण घालायचे, डोळ्यात सैंधवाची पूड टाकून मांस सैल करायचे, कानाकडच्या कोपऱ्याकडे बघ म्हणायचे. मग बडिश, म्हणजे बारीक गळ, लावून ते हलके उचलायचे आणि मंडलाग्र शस्त्राने कापायचे. घाई नाही! नाकाकडचा कोपरा दुखावला तर रक्त वाहते, नाडीव्रण होतो. कमी कापले तर मांस पुन्हा वाढते. आणि डोळा बधिर करणारे कोकेन कोल्लरने दाखविले ते १८८४ साली. तोवरच्या रोग्यांनी काय सोसले असेल!

पुन्हा वाढण्याची ती खोड अजून गेलेली नाही. म्हणून आता कापलेल्या जागी रोग्याच्याच डोळ्यातील पातळ पापुद्रा बसवतात. दिसायला वडसासारखी, पण कर्करोगाची गाठही तिथेच उगवते. उन्हाचा तिच्याशीही संबंध आहे. सुश्रुताजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. आज संशय आला की कापलेला तुकडा त्याखाली तपासतात. नाशिकला १९९८ साली आरोग्य विद्यापीठ निघाले. त्याच्या छत्राखाली आयुर्वेदाचे आणि आधुनिक वैद्यकाचे, दोन्हीकडचे विद्यार्थी हाच रोग आपापल्या नावाने शिकतात.