बारामती-इंदापुरातील घरगुती ई-मेल : पॉपपासून आयमॅपपर्यंत

ई-मेल सर्व्हरवर, म्हणजे टपाल साठविणाऱ्या दूरच्या संगणकावर, येऊन पडल्यानंतर ती वापरणाऱ्याच्या संगणकापर्यंत कशी पोचावी याचे नियम ज्या पद्धतीने ठरतात तिला प्रोटोकॉल म्हणतात. अशा दोन पद्धती विशेष रूढ झाल्या. ‘पॉप’ची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये व आजही वापरात असलेली तिसरी १९८८ मध्ये मांडली गेली, तर ‘आयमॅप’ची आखणी मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केली. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा दोन्ही पद्धती उपलब्ध होत्या. म्हणून पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांत आधी पॉप आणि मग आयमॅप सोयीची का ठरली, याचे उत्तर त्यांच्या वयापेक्षा परिस्थितीत शोधावे लागते.

दोन्ही पद्धतींतील भेद या भागाला परिचित असलेल्या पाण्याच्या व्यवहारातून स्पष्ट होतो. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की शेततळे भरून ठेवावे, तशी पॉप साठलेली सर्व टपाल एकदाच उतरवून घेते आणि सामान्यतः सर्व्हरवरची प्रत पुसते. आयमॅपमध्ये साठा धरणातच, म्हणजे सर्व्हरवरच, राहतो व प्रत्येक उपकरणाला त्याच साठ्याचे दर्शन घडते, त्यामुळे एका ठिकाणी वाचलेले पत्र सर्वत्र वाचलेले दिसते.

डायल-अपच्या काळात मॉडेम दूरध्वनीच्या तारेवरून जोडला जाई, जोडणी चालू असेतो घरचा फोन अडकून राही आणि बिल वेळेनुसार वाढे. त्यातच २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. अशा स्थितीत वीज असताना जोडणी करून टपाल उतरवावी, ती तोडून निवांत वाचावी आणि उत्तरे पुढच्या जोडणीत पाठवावीत, ही पॉपची रीत स्वाभाविकच सोयीची होती. जागेची टंचाई हेही त्यामागचे दुसरे कारण होते, कारण हॉटमेलसारख्या फुकट सेवा एके काळी केवळ २ मेगाबाइट जागा देत.

२००४ मध्ये जीमेलने १ गिगाबाइट जागा देऊ केली, २००५ मध्ये भारत संचार निगमाची ब्रॉडबँड सेवा सुरू होऊन पुढे तालुक्याच्या ठिकाणांपर्यंत पोचली, जीमेलने २००७ मध्ये आयमॅप दिले आणि २०१६ नंतर स्वस्त ४जी मोबाइल घरोघरी आला. शेतमालाच्या व्यवहाराची एकच टपालपेटी गावातील संगणकावर, खिशातील मोबाइलवर आणि पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडेही उघडायची असेल, तर मूळ प्रत एकाच संगणकात अडकविणारी पॉप गैरसोयीची ठरते. तिच्यात प्रत सर्व्हरवर ठेवण्याची सोय असली, तरी वाचल्याच्या खुणा व कप्पे सर्व उपकरणांत जुळत नाहीत.

म्हणून आजच्या घरासाठी आयमॅप ही साधारणतः योग्य निवड होय. मात्र तिच्यात एका उपकरणावर पुसलेले पत्र सर्वत्र पुसले जात असल्याने तिला सुरक्षित साठा समजता येत नाही. बँकेची वा जमिनीच्या व्यवहाराची पत्रे जपायची असतील, तर सर्व्हरवर प्रत कायम ठेवण्याची सूचना देऊन पॉपने त्यांची स्वतंत्र नक्कल घरच्या संगणकात उतरवून ठेवणे आजही उपयुक्त ठरते.