साडेपाच तासांची चूक

पडेगावात आमच्या गच्चीवर एक लांब तार ताणलेली आहे. दौलताबादकडे जाणाऱ्याला ती कपडे वाळत घालायची दोरी वाटावी. प्रत्यक्षात ती माझी अँटेना आहे. मी हॅम आहे. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, सरकारचा परवाना घेऊन, केवळ हौसेखातर बिनतारी संदेशांची देवाणघेवाण करणारा माणूस. या छंदातून पैसा मिळत नाही, उलट जातोच. हाती राहते ती एक नोंदवही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या लहरींवर कुणाशी बोललो, याची ती नोंद. आम्ही तिला लॉगबुक म्हणतो. आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या देशात हा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू हे पहिले भारतीय हॅम ठरले. मात्र ज्याच्याकडे प्रक्षेपक आहे त्याच्यावर सरकारची नजर असायचीच. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि हौशी मंडळींचे परवाने रद्द झाले. पुढं १९४२च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा त्याचं यंत्र उभं करण्यात नरिमन प्रिंटर या जाणकाराचा हात होता. हौशी माणसाच्या हातातलं यंत्र काय करू शकतं, हे सरकारला चांगलंच कळलं होतं.

स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले, पण हिशेब चोख ठेवावा लागे. हौशी रेडिओसाठी १९७८ साली जे नियम झाले, त्यांत लॉगबुक कसं असावं तेही सांगितलं होतं. वही बांधीव हवी, सुट्या पानांची चालणार नाही. नोंदी क्रमानं आणि भारतीय वेळेनुसार करायच्या. शेवटच्या नोंदीपासून निदान वर्षभर ती जपून ठेवायची. तेव्हा आम्हाला हा जाच वाटायचा. किराणा दुकानदाराच्या खतावणीसारखी ती जाड वही सांभाळताना जीव मेटाकुटीला यायचा. त्या जाचाचे उपकार मला फार उशिरा कळले.

संगणक आले आणि वहीचे दिवस भरले. अमेरिकेत केन वुल्फ या हॅमनं १९८०च्या दशकात 'सीटी' नावाचा प्रोग्राम लिहिला. हॅम मंडळींच्या स्पर्धा असतात, ठरलेल्या तासांत जास्तीत जास्त ठिकाणी संपर्क साधायचा. त्यात एकाच केंद्राशी दोनदा बोललो तर दुसऱ्यांदा गुण नाहीत. वहीत हे शोधताना नाकी नऊ यायचे, संगणक ते क्षणात सांगू लागला. शिवाय प्रिंटरची वायर जोडायच्या खोबणीतून तो थेट प्रक्षेपकाला मोर्सचे टिंब-रेघ पाठवू शकत होता. असे कितीतरी प्रोग्राम निघाले, बहुतेक कुणा ना कुणा हॅमनंच रात्री जागून लिहिलेले. मीही १९९७ साली असाच एक घेतला. उत्साहाच्या भरात जुन्या वह्यांतल्या निवडक नोंदी त्यात भरल्या आणि नवी वही आणणं बंद केलं.

हे प्रोग्राम डॉसच्या जमान्यातले. त्यांना संगणकाच्या खोबण्यांना थेट हात लावायची सवय. २००१ मध्ये विंडोज एक्सपी घरोघरी आली आणि तिनं मधे दार बसवलं. थेट हात लावायचा नाही, माझ्यामार्फत या. झालं, मोर्स अडखळू लागला. २००७ साली व्हिस्टा आली, तिनं प्रोग्रामच्या फोल्डरात परस्पर लिहायला मनाई केली. जुने प्रोग्राम आपला लॉग तिथंच ठेवत. मग विंडोज तो लॉग गुपचूप दुसऱ्या एका फोल्डरात नेऊन ठेवी. वापरणारा भाबडेपणानं मूळ फोल्डरची नक्कल काढायचा आणि नव्या संगणकावर पाहतो तर ताज्या नोंदी गायब! त्या हरवलेल्या नसत, फक्त पत्ता बदललेला असे. ६४ बिटांची विंडोज आली, तिथं तर डॉसचे प्रोग्राम उघडतच नाहीत. २०२१ साली आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांचीच आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०ला मिळणाऱ्या नियमित सुधारणा थांबल्या, तेव्हा मुलानं मला नवा संगणक आणून दिला. जुना प्रोग्राम अर्थातच सुरू होईना. त्यावर उपाय आहे. 'डॉसबॉक्स' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा करतो. त्यात माझा प्रोग्राम उघडला. मी सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवल्या आणि नव्या प्रोग्रामात ओतल्या. वाटलं, जिंकलो.

नात शेजारी बसून बघत होती. तिला शाळेत किल्लारीच्या भूकंपावर लिहायचं होतं. म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्या दिवशी रेडिओवर होतात ना? काढा बरं."

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. त्या मदतकार्यात हॅम मंडळींनी निरोपांची ने-आण केली. मी घटनास्थळी नव्हतो. इथं घरी बसून निरोप उतरवून घेत होतो आणि नातेवाइकांना फोन करत होतो. एवढंच माझं काम. पण माझ्या आयुष्यात याहून मोलाची नोंद नाही.

पडद्यावर नोंद आली. त्या दिवशीचा पहिला संपर्क दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी! नात म्हणाली, "म्हणजे तुम्ही दुपारपर्यंत काहीच केलं नाहीत?"

मी कपाटातून वही काढली. पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या, पण माझ्याच अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं, सकाळी ६.४०.

दोन वेळांत फरक साडेपाच तासांचा. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. नियमानुसार वही भारतीय वेळेत होती, तर जगभरचे हॅम आणि त्यांचे प्रोग्राम जागतिक वेळ धरतात. १९९७ साली मी वहीतली वेळ जशीच्या तशी भरली. नव्या प्रोग्रामनं ती जागतिक समजून तीत प्रामाणिकपणे साडेपाच तास मिळवले. चूक संगणकाची नव्हती, माझीच होती. जागतिक वेळेनं पाहिलं तर तो भूकंपसुद्धा ३० तारखेचा नव्हेच, २९ सप्टेंबरच्या रात्री १० वाजून २६ मिनिटांचा!

वही होती म्हणून चूक सापडली. पण १९९७ नंतरच्या नोंदींचं काय? त्यांना साक्षीदारच नाही. त्यांतले कित्येक मित्र आज हयात नाहीत. त्यांच्याशी शेवटचं कधी बोललो, याचा पुरावा फक्त त्या फाइलीत आहे.

यावर हॅम मंडळींनीच मार्ग काढून ठेवलेला आहे. १९९६ साली त्यांनी 'एडीआयएफ' नावाची सामाईक पद्धत ठरवली. रकान्याचं नाव, त्यातल्या अक्षरांची संख्या आणि मग मजकूर, सारं साध्या अक्षरांत. कोणताही प्रोग्राम ते वाचू शकतो आणि एकही प्रोग्राम उरला नाही तरी माणूस वाचू शकतो. प्रोग्राम म्हणजे पेटी, नोंद म्हणजे आतला दागिना. आपण पेटीला कुलूप लावतो आणि किल्ली पेटीतच ठेवतो. हे काही हॅमपुरतं नाही. तुमच्या दुकानाचा हिशेब, घरातले फोटो, वडिलांनी संगणकावर लिहिलेल्या आठवणी, सगळ्यांना हेच लागू आहे. नवा संगणक आणण्याआधी, जुना चालू आहे तोवर, आतलं सारं साध्या रूपात बाहेर काढा. आणि जे फार मोलाचं आहे ते कागदावर उतरवा.

नातीनं निबंधात ६.४० हीच वेळ लिहिली. मी दुसऱ्या दिवशी एक जाड बांधीव वही आणली. आता संगणकावरच्या महत्त्वाच्या नोंदी रोज थोड्या थोड्या तिच्यात उतरवतो आहे, आणि प्रत्येक वेळेपुढं ती कुठली, भारतीय की जागतिक, हेही लिहितो आहे.

आम्ही हॅम निरोप घेताना 'त्र्याहत्तर' म्हणतो. तारायंत्राच्या काळापासून या आकड्याचा अर्थ आहे, मनापासून शुभेच्छा. तुम्हा सर्वांना त्र्याहत्तर!