स्ट्रेप्टोमायसीन आणि कानाचे मोल

पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर आरोग्यधाम काढले. इकडे सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय उभे राहिले. त्या काळी क्षयावर औषध असे नव्हतेच. मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर विश्रांती, हीच मुख्य चिकित्सा. हे ध्यानात घेतल्याखेरीज स्ट्रेप्टोमायसीनचे केवढे स्वागत झाले असेल, ते कळावयाचे नाही.

१९४३ मध्ये अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याने मातीतल्या सूक्ष्मजंतूपासून ते मिळविले. (१९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळाले!) पुढे ब्रिटनमध्ये १०७ क्षयरोग्यांवर चाचणी झाली व १९४८ मध्ये तिचा वृत्तांत निघाला. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४ जण सहा महिन्यांत दगावले. औषध मिळालेल्या ५५ पैकी चारच.

परंतु रोगी बरा होऊन उठे, तो भिंतीला धरून चाले. भोवळ येई, अंधारात तोल जाई. असे का व्हावे? जंतूच्या पेशीत प्रथिने घडविणारे रायबोसोम असतात. त्यांना हे औषध चिकटते आणि प्रथिने चुकीची बनू लागतात. आपल्या पेशींतील ऊर्जाकणांचे रायबोसोम जंतूंच्या रायबोसोमशी बरेच मिळतेजुळते आहेत. काही घराण्यांत तर आईकडून आलेल्या एका दोषामुळे हे साम्य इतके वाढते, की थोड्या मात्रेनेही कान जातो. औषध अंतर्कर्णात शिरून तेथील रोमयुक्त पेशी मारते, आणि त्या मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. ते बाहेर पडते मूत्रपिंडावाटे. म्हणून वृद्धांत आणि मूत्रपिंड दुबळे असलेल्यांत ते साचून राहते.

यावर उपाय म्हणून १९४६ मध्ये त्यात हायड्रोजनची भर घालून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसीन तयार केले गेले. भोवळ कमी झाली. सर्वांना हायसे वाटले. पण ही सौम्यता फसवी होती. या औषधाने तोलाऐवजी ऐकणेच जाई, आणि तेही कधी कधी इंजेक्शने थांबल्यावर काही आठवड्यांनी! भोवळ निदान लगेच सावध करी, आणि कालांतराने डोळ्यांच्या व पायांच्या आधाराने माणूस तोल सावरावयास शिके. बहिरेपणाला तशी तडजोड नाही. अखेर ते औषध मागे पडले.

याच कुळातील कॅनामायसीन औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर पुष्कळ वर्षे टोचले गेले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरू नये असे सांगितले आणि पोटात घ्यावयाच्या औषधांना अग्रक्रम दिला. जेंटामायसीन व अमिकासीन ही भावंडे मात्र गंभीर जंतुसंसर्गात अद्याप लागतात.